माका अक्कल नाय

धुरी सर वर्गाच्या दारातून आत यायचे तेव्हा माणूस असायचे. हजेरी घेईपर्यंतही माणूसच. मग चष्मा काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभे राहायचे आणि मालवणीत जाहीर करायचे, "आता मी ब्राउझर. माका अक्कल नाय. लिवलंस तसा करतलंय."

त्यानंतर वर्ग जो चिडीचूप व्हायचा ना, तसा आमच्या कॉलेजात शोकसभेलासुद्धा कधी झाला नाही.

विषय होता जावास्क्रिप्ट. मरोळच्या कारखान्यांना पाठ लावून उभं असलेलं आमचं कॉलेज, तिसरा मजला, आयटीचं दुसरं वर्ष. बाकीच्या कॉलेजांत म्हणे हा विषय प्रोजेक्टरवर शिकवतात. सर बटणं दाबतात, पडद्यावर रंगीत काहीतरी हलतं, पोरं खाली मोबाइल बघतात, सगळे सुखी. आमच्याकडे प्रोग्राम फळ्यावर लिहायचा विद्यार्थ्याने आणि चालवायचा धुरी सरांनी. स्वतःच्या पायांनी. त्यातल्या एकाचा गुडघा आधीच कामातून गेलेला.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फेकतेय. वर्गात पुढच्या ओळीत पाच बाक होते. त्यांच्यावर सरांनी ऑइलपेंटने शून्य ते चार असे आकडे काढले होते, कारण कॉम्प्युटर मोजायला लागतो तो शून्यापासून. प्रोग्राममध्ये मोजणी ठेवायला एक अक्षर घेतात, i. हा i शून्यावर उभा असतो. एक काम झालं की त्याला हुकूम द्यावा लागतो, बाबा रे, आता एक पाऊल पुढे हो. मग तो एकवर येतो, मग दोनवर. हुकूम द्यायला विसरलात तर तो हलत नाही. जन्मभर हलत नाही. आमच्या वर्गात हा i म्हणजे धुरी सर.

पहिल्याच महिन्यात इम्रानने फळ्यावर लिहिलं की प्रत्येक बाकापाशी जा आणि तिथे बसलेल्याचं नाव सांग. चारवर थांबवायचं ते चुकून पाचपर्यंत नेलं. एवढीशीच चूक. सर शून्यावर गेले, नाव सांगितलं. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे भिंत. सर थांबले नाहीत. भिंतीला नाक टेकवून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "हंय कोण नाय. अनडिफाइन्ड." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. सर तसेच, नाकाला चुना, तोंड भिंतीकडे. म्हणाले, "ब्राउझराक हसू येत नाय. ज्याला येतं त्याने फळ्याकडे यावं."

कोणाला परत हसू आलं नाही.

तुम्ही हसताय, पण मला या माणसाची भीती वाटायची. साधी नाही. मंगळवार-गुरुवार, म्हणजे सरांच्या तासाच्या दिवशी, सकाळी कांदिवलीला घरात चहाचा कप हातात घेतला की तो तसाच गार व्हायचा. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. आणि लॅबमध्ये तर विचारूच नका. तिथे सर मागे येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत. फक्त एन्टरच्या बटणाकडे बोट गेलं रे गेलं की खांद्यामागून आवाज, "आधी सांग, मग दाब." म्हणजे पडद्यावर काय दिसणार ते आधी तोंडाने सांगायचं. सांगता आलं नाही तर बोट खाली. मी एन्टरवर बोट धरून अर्धा अर्धा तास बसलेली आहे. बोटाला मुंग्या यायच्या. धाडस करून दाबलंच तर पडद्यावर लाल अक्षरं आणि मागून हळूच प्रश्न, "i खंय गेलो?"

मला काय माहीत कुठे गेला! माझ्याजवळ होता कधी?

मग व्हायचं तेच झालं. वर्षअखेरच्या प्रॅक्टिकलला समोर कोरा पडदा, शेजारी बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, आणि माझी बोटं कीबोर्डवर ठेवली ती उठलीच नाहीत. एक अक्षर लिहिलं नाही. पूर्ण वेळ त्या लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेकडे बघत बसले. बाकी सगळे विषय सुटले, जावास्क्रिप्टमध्ये केटी लागली. केटी म्हणजे पुढच्या वर्गात बसायला देतात, पण तो राहिलेला विषय सोडवल्याशिवाय डिग्री नाही. आमचे बाबा मरोळला पॅकिंगच्या कंपनीत. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "झेपत नाही तर राहू दे. मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस. तिथे पण बटणंच दाबायची आहेत."

आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. परत परीक्षेला बसायचा फॉर्म मी भरलाच नाही. डिग्री गेली खड्ड्यात, पण त्या जिन्यावर परत जायचं नाही, असं मी मनात पक्कं केलं.

फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर धुरी सर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोरा फॉर्म. आईच्या खांद्यावरून त्यांनी मला विचारलं, "फॉर्म भरलंस काय गो?"

मी आतल्या खोलीत कपाटामागे गेले. वीस वर्षांची घोडी मी, शप्पथ, कपाटामागे गेले.

बाहेर बाबांनी खुर्ची दिली. सरांनी "गाव खंयचो?" विचारलं, बाबा "देवगड" म्हणाले, आणि पाच मिनिटं दोघं आंब्यावर बोलले. मला वाटलं, वाचले. मग बाबा म्हणाले, "सर, पोरगीला जमत नाही. उगाच कशाला तिचा जीव खायचा?"

"जमत नाय असा काय नसता," सर म्हणाले. "दिसत नाय. तेवढाच." आणि उठले, चष्मा काढून खिशात टाकला आणि आमच्या लाद्यांवर ताठ उभे राहिले. "तुम्ही सांगा, मी करतंय. सांगा, पुढे हो."

बाबांना आयुष्यभर सुपरवायझरने हुकूम सोडलेले. घरात आलेला प्रोफेसर आपल्या हुकमाने चालणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पुढे व्हा," बाबा म्हणाले. सर एक लादी पुढे. "पुढे व्हा." दुसरी लादी. बाबांना मजाच यायला लागली. पुढे व्हा, पुढे व्हा करत सर सरळ स्वयंपाकघरात, ओट्याला पोट लागलं तरी पाय उचलतायत. आईच्या हातात उकळत्या चहाचं पातेलं. "अगोबाई, अहो थांबवा त्यांना!"

"थांबा! थांबा!" बाबा ओरडले.

सर थांबले. वळून आईला म्हणाले, "तुमका कळला. कुठे थांबायचं ते सांगावं लागतं, ब्राउझराक आपसूक कळत नाय. ह्याच तर तिचा पहिला धडा."

मग कपाटाजवळ आले. मागे मी आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. पिशवीतून फॉर्म काढून आत सरकवला आणि वर पेनही दिलं. सही होईपर्यंत हलले नाहीत. बाबांनी दारातच मला बजावलं, "एकदाच. परत राहिलीस तर मग मला सांगू नकोस." मी मान हलवली. मनात म्हटलं, हा माणूस माझ्याच मागे का लागलाय? माझं नि याचं काय वाकडं आहे?

दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला ज्युनिअर पोरांबरोबर त्यांच्या लेक्चरला बसायला लावलं. जागा ठरलेली, शून्य नंबरचा बाक. नापास झालेली मुलगी शून्यावर, सगळ्यांच्या पुढे. त्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तिथेच प्रणयने आमची वाट लावली. प्रणय शिर्के, ज्युनिअर वर्गातला, अगदी गरीब पोरगा. त्याने फळ्यावर लिहिलं की प्रत्येक बाकापाशी जाऊन नमस्कार कर. पण 'एक पाऊल पुढे हो' हा हुकूम लिहायला विसरला. सर शून्यावर आले, म्हणजे माझ्यासमोर. हात जोडले. "नमस्कार." मी घाबरून उलट नमस्कार केला. "नमस्कार," सर परत म्हणाले. "नमस्कार. नमस्कार. नमस्कार."

प्रणय नखं खात फळ्याजवळ उभा. बेल झाली. "नमस्कार." पुढच्या तासाच्या मॅडम दारात आल्या, थोडा वेळ बघून निघून गेल्या. "नमस्कार." सरांचा आवाज बसायला लागला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायचा हुकूम नव्हता म्हणून पुसत नव्हते. गुडघा थरथरत होता. मला वाटलं, हा माणूस आता माझ्यासमोर पडणार. साठीचा माणूस, हात जोडलेले, माझ्याकडे बघतोय, आणि मी काहीच करू शकत नाही. मला रडू फुटलं. "प्रणय, अरे मेल्या, पुढे हो लिही ना!" मी किंचाळले. "i हलतच नाहीये, त्याला कोणी सांगितलंच नाहीये!"

प्रणयने खडू उचलून ती एक ओळ लिहिली. सर लगेच एकवर सरकले. मग दोनवर. चारचा नमस्कार झाल्यावर मटकन बाकावर बसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज पयल्यांदा तुका i दिसलो."

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी नाक पुसत होते.

आता मध्येच जर्नलचं सांगायला हवं. प्रॅक्टिकलला बसायचं तर वर्षभराचे सगळे प्रोग्राम हाताने लिहिलेलं जर्नल द्यावं लागतं, आणि परीक्षा झाली की सर त्यावर सही करून ते परत देतात. आता स्वतः कोण लिहितंय? मागच्या वर्षीच्यांनी त्यांच्या मागच्यांकडून उतरवलेलं असतं, आपण त्यांच्याकडून उतरवायचं. आमच्या कॉलेजात एका जर्नलच्या अशा वर्षानुवर्षं नकला होत आलेल्या. त्यात चौथा प्रोग्राम असा की तुमचं नाव विचारायचं आणि वेलकम म्हणायचं. खाली उत्तर काय आलं तेही लिहायचं. तर आमच्या अख्ख्या वर्गाच्या जर्नलमध्ये लिहिलेलं, वेलकम सुप्रिया. इम्रानच्या जर्नलमध्ये सुप्रिया, ज्युनिअर प्रणयच्याही जर्नलमध्ये सुप्रिया, माझ्याही. दोन्ही वर्गांत सुप्रिया नावाची एकही मुलगी नव्हती. कोण ही सुप्रिया, कोणाला पत्ता नाही. कोणी बदलायचे कष्टही घेतले नाहीत.

आणि धुरी सर! एका अर्धविरामाला लाल पेनाने अंड्याएवढा गोल करणारा माणूस. चौथ्या प्रोग्रामाशी पेन थांबायचं, जरा वेळ तसंच राहायचं आणि सर पान उलटायचे. आम्ही म्हणायचो, झकास, म्हाताऱ्याला दिसत नाही वाटतं.

परीक्षेचा दिवस आला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी पोटात अन्नाचा कण नाही. आईने हातावर दही ठेवलं, तेवढं चाटून निघाले. लॅबमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम, कडक इस्त्रीची साडी, समोर घड्याळ काढून ठेवलेलं. धुरी सर दाराजवळच्या खुर्चीवर. परीक्षेत त्यांना आमच्याशी एक शब्द बोलायची परवानगी नाही. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

मी चिठ्ठी उचलली. पाच आकडे दिलेत, त्यांतला सगळ्यात मोठा शोधा. आकडे होते बारा, पंचेचाळीस, सात, तीस, नऊ.

या वेळी बोटं हलली. लिहिलं. एन्टर दाबला. पांढरा पडदा, आणि वर ते गोल गोल फिरणारं चाक. फिरतंय, फिरतंय. अडकलं. मशीन बंद करून परत चालू केलं, त्यात बराच वेळ गेला. परत दाबलं, परत चाक. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मागच्या वर्षीसारखं सगळं आत आत जायला लागलं. मामाचं दुकान दिसलं, झेरॉक्सचा तो हिरवा उजेड दिसला. मी दाराकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काय झालं कुणास ठाऊक, मी उठले. शेजारी भिंतीलगत पाच रिकाम्या खुर्च्या होत्या. मी पहिल्या खुर्चीपाशी जाऊन हात अंगाला चिकटवून ताठ उभी राहिले.

"ए मुली, कुठे चाललीस?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, रन करतेय."

"काय करतेयस?"

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर उभे राहिले. "मॅडम, आमच्याकडे असंच चालवतात," एवढंच म्हणाले आणि परत खाली बसले.

मला अक्कल नाही, मी मनात म्हटलं. लिहिलंय तसं करायचं. शून्य नंबरची खुर्ची, बारा. आत्तापर्यंतच्यापेक्षा मोठा? हो. मग लक्षात ठेव आणि पुढे हो. एक नंबरची खुर्ची, पंचेचाळीस. मोठा? हो. लक्षात ठेव आणि पुढे हो. दोन नंबरची खुर्ची, सात. मोठा? नाही.

आणि माझे पाय थांबले. पुढे हो असं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, आकडा मोठा असला तर लक्षात ठेव आणि पुढे हो. लहान असला तर? लहान असला तर बस त्या सातपाशी उभी, जन्मभर. पुढे व्हायचा हुकूम मी मोठ्या आकड्यांच्या खोलीत बंद करून ठेवला होता! आकडा मोठा असो की लहान, पुढे तर जायलाच हवं ना!

मी धावत मशीनपाशी गेले. ती एक ओळ उचलून कंसाच्या बाहेर ठेवली. एन्टरवर बोट ठेवलं आणि, सवय लागलेली, आधी मोठ्याने सांगितलं, "पंचेचाळीस." मग दाबलं.

पंचेचाळीस.

मॅडमनी बरेच प्रश्न विचारले, मी काय काय उत्तरं दिली ते आज आठवत नाही. शेवटी त्यांनी चष्म्यावरून बघून "जा, सुटलीस," म्हटलं तेवढं आठवतं.

जर्नल परत घ्यायला मी सरांना शोधत निघाले. ते जिन्याजवळच्या पाण्याच्या कूलरपाशी होते. हातातला स्टीलचा पेला एवढा हलत होता की अर्धं पाणी शर्टावर सांडलं होतं.

"सर, बरं नाहीये का तुम्हाला?"

"भिती वाटली गो."

"तुम्हाला?"

"वर्षभर वाटता. तू कपाटामागे होतंस, तेव्हापासून तर जास्तच." त्यांनी माझं जर्नल उघडलं, पानं उलटली आणि चौथ्या प्रोग्रामावर बोट ठेवलं. "ह्या कोण, म्हायत आसा?"

मी मान हलवली.

सुप्रिया त्यांची विद्यार्थिनी होती. फार वर्षांपूर्वीची, सर खुर्चीत बसून शिकवायचे आणि चुकलं की शून्य द्यायचे तेव्हाची. राहायला खारदांड्याला. अक्षर सुंदर, जर्नल कॉलेजात सगळ्यात नीटनेटकं, म्हणून जो तो तिचंच उतरवायचा. आणि प्रॅक्टिकलला ती एकटी नापास झाली. परत बसायचा फॉर्म तिने भरला नाही. मुदत संपत आली तेव्हा सर फॉर्म घेऊन तिच्या घरी गेले. ती दारात उभी राहिली, फॉर्म हातात घेतला नाही. एवढंच म्हणाली, सर, मला तो i दिसतच नाही हो, तो कुठे जातो?

"माझ्याकडे उत्तर नव्हता," सर म्हणाले. "फॉर्म घेऊन परत इलंय. रातभर इचार केलंय. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलंय आणि चालूक लागलंय." त्यांनी पेला कूलरवर उपडा ठेवला. "मगे परत गेलंय तिच्या घराकडे, तिका दाखवूक. घराक कुलूप. सगळी बिऱ्हाड घेऊन खंय गेली, शेजारच्यांका पण म्हायत नाय."

माझ्या घरातल्या लाद्यांवर चालणारे सर आठवले. इतके दिवस मी या माणसाला शिव्या देत होते.

"सर, मला दिसला," मी म्हटलं. "सातपाशी. स्पष्ट दिसला."

सरांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि माझ्या जर्नलवर सही केली. सुप्रियाचं नाव तसंच ठेवलं. मग एक हात कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर ठेवून जिना उतरायला लागले. चार पायऱ्या उतरून थांबले.

"तुमी पोरां सगळीकडे फिरतास," ते वर न बघता म्हणाले. "खंय भेटली तर सांग हां तिका. म्हण, पाच मिनटां येवन जा. आता माका दाखवूक येता."